हौदाच्या आळीचा मानकरी

रोमच्या अव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर हौदाची आळी जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, त्या चौकात फार्नाकेसचं पट्ट्यांचं दुकान होतं. मेण्याचे पट्टे, खेचरांचे तंग, हमालांच्या खांद्यावरच्या चामडी गाद्या, असला सगळा माल. फार्नाकेस अंगाने दांडगा, उंच, पण उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरलेला. नवं गिऱ्हाईक त्या खांद्याकडे टक लावून बघायला लागलं की तो लपवायचा नाही, उलट आणखी पुढे करायचा.

"बघून घ्या," म्हणायचा. "सगळं तारुण्य नुमितोरियाबाईंचा मेणा याच्यावर होता. पट्टा कुठे काचतो ते मला विचारा."

बिथिनियातल्या कुठल्याशा डोंगरी गावात तो जन्मला आणि मिसरूड फुटायच्या आत रोमच्या बाजारात विकला गेला. फार्नाकेस हे नाव दलालाने ठेवलेलं. आधीचं नाव कुणी विचारलंच तर तो म्हणे, "ते आईने ठेवलेलं. ते आईपाशीच आहे."

नुमितोरियाबाई विधवा. टेकडीच्या माथ्यावरच्या मोठ्या घरात तिचा एकटीचा हुकूम चाले, आणि जिभेला अशी धार की भाजीवाले तिच्या दाराशी भाव आधीच उतरवून सांगत. तिने या दांडग्या पोराला मेण्याच्या पुढच्या उजव्या दांडीला लावलं. पुढच्या डाव्या दांडीला बिथुस नावाचा थ्रेसचा गडी होता. दोघांची पावलं अशी जुळली की आत बसलेल्या बाईच्या पेल्यातलं पाणी हिंदकळत नसे. ही गोष्ट बाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. भोयांना मात्र तिने ती कधी सांगितली नाही.

पुढे खांदा कामातून गेला. एक दिवस बाईने त्याला न्यायाधिकाऱ्यापुढे नेलं आणि गुलामीतून मोकळं केलं. घरी परत आल्यावर म्हणाली, "बसून खाणाऱ्या भोयापेक्षा रोज सकाळी येऊन नमस्कार करणारा मोकळा माणूस बरा. उशीर करत जाऊ नकोस."

समारंभ म्हणाल तर एवढाच. पण त्या दिवसापासून तो लुसियस नुमितोरियस फार्नाकेस झाला. विकत घेतलेल्या माणसाला एक नाव असतं, मोकळ्या माणसाला तीन. त्याने चौकात दुकान घातलं, थाल्लूसाशी लग्न केलं. थाल्लूसाही कुणाच्या तरी घरातून सुटलेली, बड्या बायकांचे केस विंचरून बांधायचं काम करणारी. हात हलका, तोंड तिखट. आणि फार्नाकेस रोज सकाळी, कोंबडं आरवायच्या सुमाराला, टेकडी चढून बाईच्या ओसरीत हजेरी लावायला लागला.

चौकात लारेसचं छोटं देऊळ होतं. लारेस म्हणजे आळीचे राखणदार, हातात पेला घेऊन चवड्यांवर नाचणारी दोन तरणीताठी पोरं. मेणा खांद्यावर असताना फार्नाकेसला तिथे थांबता येत नसे. तेव्हा तो चालता चालता मोकळ्या हाताची बोटं ओठाला लावून देवांकडे करायचा. सुटल्यावर मात्र त्याने जणू सगळी बाकी वसूल करायला घेतली. दुकानाच्या फळ्या काढायच्या आधी तो देऊळ झाडायचा, दिव्याची काजळी पुसायचा, रात्रीतून कुत्र्यांनी केलेली घाण धुऊन काढायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी शाबासकीही दिली नव्हती. लोक रोज बघत तेवढे होते.

अशात सम्राटांचा हुकूम आला. प्रत्येक आळीच्या लारेसना नव्या मूर्ती मिळाल्या आणि दर वर्षी आळीतल्याच चौघांनी पूजेचा मान घ्यायचा असं ठरलं. सुटलेले गुलामसुद्धा चालतील. ही गोष्ट साधी नव्हती. ज्युपिटरचा पुजारी व्हायला बापजाद्यांची कुळी लागते. पक्ष्यांवरून कौल सांगणारे, धर्मशास्त्र सांभाळणारे, व्हेस्टाचा अग्नी राखणाऱ्या मुली, सगळे थोरामोठ्यांच्या घरचे. त्या देवळांच्या पायऱ्यांखाली आमच्यासारख्यांनी उभं राहायचं आणि धूर कुठल्या बाजूला जातो ते बघायचं. चौकातल्या देवांना मात्र कुळी लागली नाही. वर सणाच्या दिवशी मानकऱ्यांना जांभळ्या काठाचा टोगा, जो एरवी मोठे अधिकारीच नेसतात, आणि पुढे दंडुक्यांच्या मोळ्या घेतलेले दोन चोपदार.

त्या साली हौदापाशी आळी जमली. गुत्तेवाला गार्गिलियस तिथे आधीच छाती काढून उभा होता. तो जन्माचा मोकळा, आणि ते दिवसातून दहा वेळा सांगायचा.

"नावं सुचवा," कुणीतरी म्हणालं.

"फार्नाकेस," पाववाली म्हातारी म्हणाली. "दिवा कोण पुसतो ते मला खिडकीतनं दिसतं."

गार्गिलियस हसला. "झकास. काल खांद्यावर बाई, आज खांद्यावर देव. याचा खांदा काही रिकामा राहत नाही."

"रिकामा राहायला तो काय तुझं माप आहे, गार्गिलियस?" फार्नाकेस म्हणाला.

आळी खदखदून हसली. गार्गिलियसच्या गुत्त्यात पेला कधी काठोकाठ भरत नाही हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. चौघांची निवड झाली आणि वयाने थोरला म्हणून फार्नाकेस सगळ्यांच्या पुढे ठरला.

चौकदेवांचा सण ऐन थंडीत येतो. तो गुलामांचा हक्काचा सण. त्या दिवशी घरातल्या गड्यांना काम सांगायचं नाही, मालकाने आणि गड्याने एकाच देवापुढे उभं राहायचं, असा जुना रिवाज. आदल्या संध्याकाळी प्रत्येक घर देवळाशी लोकरीच्या खुणा टांगतं, मोकळ्या माणसामागे एक बाहुली आणि गुलामामागे एक चेंडू. थाल्लूसाने नवऱ्याची बाहुली केली ती एका खांद्याने उतरती. शेजारणी बघून हसल्या तर म्हणाली, "देवाला ओळखू यायला नको?"

सणाच्या सकाळी ती त्याला टोगा नेसवायला बसली, आणि तिथेच तिचा घाम निघाला.

"अहो, हलू नका."

"हललो नाही. श्वास घेतला."

"तो नंतर घ्या. डावीकडची घडी बसतीय, उजवीकडची घसरतीय. हा तुमचा खांदा म्हणजे नुसता उतार आहे."

"मग खिळा ठोक."

"ठोकलाही असता," थाल्लूसा म्हणाली, आणि दोन पावलं मागे सरून तिने त्याच्याकडे बघितलं. काठाचा जांभळा रंग त्याच्या छातीवरून तिरपा गेला होता. मग तिने त्याच्या हातावरचं पीठ पुसलं. मधाच्या वड्यांचं पीठ. मानकरी झाला तरी तो पहाटे चुलीपाशी लुडबुडला होताच.

मिरवणूक हौदापासून निघाली. पुढे दोन चोपदार, त्यांच्या मागे बासरीवाला, मग चौघे मानकरी, त्यांच्या मागे लारेसच्या मूर्ती छातीशी धरलेले आळीचे गुलाम सेवेकरी, मग फुलं बांधलेलं डुक्कर, आणि शेवटी सगळी आळी. फार्नाकेसच्या हातात धुपाची डबी होती. रस्त्याच्या मधून चालायची त्याला सवय नव्हती. भोई मधूनच चालतो, पण ते मेण्याचं चालणं असतं, त्याचं स्वतःचं नव्हे. मोकळा झाल्यावर तो कायम भिंतीकडेने चालत आला होता. आज दोन्ही बाजूंना लोक भिंतीला लागलेले आणि मध्ये तो. त्याची मान आपोआप ताठ झाली. बायका गच्चीवरून "फार्नाकेसदादा, इकडे बघा" म्हणत होत्या आणि तो बघत नव्हता, कारण बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

आळी जिथे सगळ्यात चिंचोळी होते, दोन्हीकडची घरं डोकं टेकवतात, तिथे समोरून मेणा आला.

पडदे हिरवे. दांड्यांना पितळी टोपणं. पुढे कारभारी काठी आपटत चालला होता. ओळखायला फार्नाकेसला पडदे बघायची गरजच नव्हती. पुढच्या डाव्या दांडीला बिथुस होता, आणि त्याच्या कपाळावर थंडीतही घाम होता.

"नुमितोरियाबाईंच्या मेण्याला वाट द्या," कारभारी ओरडला.

"देवाला वाट द्या," चोपदार ओरडला.

बासरी थांबली. दोन्ही बाजूला माणसं, मागे फिरायला जागा नाही. कुणीतरी एकाने मागे सरायला हवं होतं. गच्च्यांवरच्या बायका कठड्यावरून ओणवल्या. गार्गिलियस आपल्या गुत्त्याच्या दारात येऊन हाताची घडी घालून उभा राहिला, त्याला हे फुकटात मिळालं होतं.

चोपदार मागे वळून हळूच म्हणाला, "काय करायचं, पुढारी? तुमच्याच मालकीणबाई दिसतात."

फार्नाकेसचं अंग त्याच्या आधी हललं. उजवा खांदा वाकला, एक पाय भिंतीकडे गेला. इतक्या वर्षांची सवय. डोक्याला विचारत नाही. मानकऱ्यांतला कुंभार त्याच्या मागे होता, तोही त्याच्याबरोबर भिंतीकडे सरकला. कुंभाराच्या मागे मूर्ती धरलेला सेवेकरी सरकला. लोकांत एक कुजबूज गेली.

ती कुजबूज ऐकून फार्नाकेसने मागे बघितलं. सेवेकऱ्याच्या छातीशी धरलेला देव भिंतीला लागलेला होता, आणि भिंतीवरच्या गळक्या नळीचं पाणी त्याच्या डोक्यावर ठिबकत होतं.

फार्नाकेसने पाय परत रस्त्याच्या मधे आणला. चोपदारांना बाजूला करून तो स्वतः मेण्यापर्यंत चालत गेला.

"बाईसाहेब," तो म्हणाला.

पडदा सरकला. नुमितोरियाबाईचा चेहरा बाहेर आला, पांढरे केस, लोकरी शाल, आणि कुणी भलत्या वेळी उठवल्यासारखे डोळे.

"फार्नाकेस? आज सकाळी तू आला नाहीस."

"आज सण आहे, बाईसाहेब."

"ठाऊक आहे मला सण आहे ते. माझी बहीण आजारी आहे, तिच्याकडे चाललीय. आजाराला सण कळतो का? बाजूला हो."

"मी एकटा असतो तर केव्हाच भिंतीला लागलो असतो," फार्नाकेस म्हणाला. त्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण गल्ली चिंचोळी होती, सगळ्यांना ऐकू गेला. "पण मी बाजूला झालो की माझ्या मागचे देवही बाजूला होतात. आत्ता झालेच होते. देवाला भिंतीला लावायचा अधिकार मला नाही, बाईसाहेब. तुम्हालाही नाही."

कारभाऱ्याने काठी वर केली. बाईने नुसतं बोट हलवलं तशी ती खाली आली.

तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं. जांभळा काठ बघितला, धुपाची डबी बघितली, मागचे दोन चोपदार बघितले. बिथुसच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या आणि मेणा पहिल्यांदाच थोडासा हलत होता.

"हा टोगा कुणी नेसवला तुला?" बाईने विचारलं.

"माझ्या बायकोने."

"केस बांधणारी ती?"

"तीच."

"केस बांधणाऱ्या बाईने केसच बांधावेत. उजवीकडची घडी बघ कशी लोंबतीय." आणि मग भोयांना म्हणाली, "खाली ठेवा मला."

मेणा खाली टेकला. ती दासीच्या हाताला धरून उतरली. आळीत कुणी तिला पायी चालताना बघितलेलं नव्हतं, आणि ती इतकी ठेंगणी असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती फार्नाकेससमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिचं डोकं त्याच्या छातीशी आलं.

"वाक," ती म्हणाली.

तो वाकला. तिने टोग्याची लोंबणारी घडी उचलली, खांद्यावरून नीट ओढून घेतली आणि टोक त्याच्या डोक्यावर घातलं, पूजेला बसणारा घेतो तसं. मग दोन्ही बाजूंनी सारखं केलं.

"नुमितोरिया घराण्याचं नाव आहे तुझ्या नावात," ती म्हणाली. "ते नाव लावून असा गबाळा देवापुढे जाऊ नकोस. आता सरळ उभा राहा."

तो सरळ उभा राहिला. बाईने स्वतःची शाल डोक्यावरून घेतली आणि मागे सरून भिंतीला लागली, इतर बायकांच्या ओळीत, पाववाल्या म्हातारीच्या शेजारी. भोयांनी रिकामा मेणा आडवा करून एका दारात सारला.

फार्नाकेसने बासरीवाल्याला हाताने खूण केली. बासरी सुरू झाली. मिरवणूक त्या चिंचोळ्या जागेतून मधोमध पुढे गेली, आणि देव गेल्यावर सगळे त्यांच्या मागे चौकात आले.

पूजा नीट पार पडली. डुक्कर शांतपणे आलं, ओढावं लागलं नाही, हा चांगला शकून. फार्नाकेसने धूप टाकला, मद्य ओतलं, मंत्र एकदाही न अडखळता म्हटला. तो मंत्र त्याने महिनाभर चामडं कापता कापता घोकला होता आणि थाल्लूसालाही पाठ झाला होता. गर्दीत उभी राहून ती ओठ हलवत होती. अडखळलाच तर पुढचा शब्द पुरवायला.

नुमितोरियाबाई शेवटपर्यंत थांबली. पाय दुखायला लागले तेव्हा ती सरळ गार्गिलियसच्या गुत्त्यासमोरच्या बाकावर जाऊन बसली. एवढी मोठी बाई आपल्या बाकावर बसलेली बघून गार्गिलियसची तारांबळ उडाली. त्याने आत जाऊन गरम मसाल्याचं मद्य आणलं. पेला काठोकाठ भरलेला होता, हे आळीतल्या सगळ्यांनी डोळे भरून बघितलं. प्रसादाचं मांस वाटलं गेलं तेव्हा बाई कारभाऱ्याला म्हणाली, "भोयांना जेवून घेऊ दे. त्यांचा सण आहे. माझी बहीण तासाभरात मरत नाही."

बिथुस मधाची वडी खात फार्नाकेसपाशी आला आणि कानात म्हणाला, "फार्न्या, तू पाय भिंतीकडे नेलास तेव्हा मी मनात तुला शिव्या दिल्या."

"आणि पुढे टाकला तेव्हा?"

"तेव्हाही दिल्या. मेणा जड झाला होता रे."

दुसऱ्या दिवशी पहाटे फार्नाकेस नेहमीसारखा टेकडी चढून गेला. साधा अंगरखा, साधं उपरणं. ओसरीत बाईची बाकीची माणसं बसली होती, आणि ती त्याच्यापासून जरा लांबच बसली, कारण आज त्याचं काही खरं नाही असं सगळ्यांना वाटत होतं. बाईने एकेकाला आत बोलावलं आणि त्याला सगळ्यात शेवटी.

त्याने वाकून नमस्कार केला. बाई आपल्या अंगठ्या फिरवत राहिली.

"काल माझ्या बहिणीकडे सगळ्या ओळखीच्या बायका जमल्या होत्या," शेवटी ती म्हणाली. "बातमी माझ्या आधी पोचली होती. एकजण म्हणाली, नुमितोरिया, तुझ्याच भोयाने तुला मेण्यातून उतरवलं म्हणे."

बाईने बोटातली अंगठी घट्ट बसवली.

"मी विचारलं तिला, तुझ्या घरातून सुटलेले किती? म्हणाली, बारा-पंधरा असतील. म्हटलं, त्यातल्या किती जणांपुढे चोपदार चालतात? एकाच्याही नाही. मग म्हटलं, बाई गं, तुला उतरायची वेळ कशी येणार. त्याला आधी घरात माणूस निपजावा लागतो." ती थांबली. तिचा चेहरा कठोरच होता, पण कान लाल झाले होते. "काल देव होते म्हणून उतरले. आज तू आहेस, आणि मी आहे. मागच्या दाराचा पट्टा तुटलाय, तो नीट करून मग जा."

"होय, बाईसाहेब."

त्याने पट्टा शिवला, दुप्पट दोऱ्याने. उतरून येताना चौकातले लोक त्याला विचारायला धावले, बाई काय म्हणाली. तो म्हणाला, "कामाला लावलं." आणि दुकानाच्या फळ्या काढायला लागला. पण थाल्लूसाला त्याने सगळं सांगितलं, शब्दन् शब्द, आणि बाईच्या कानांचंही सांगितलं.

त्या वर्षी देवळाशेजारी संगमरवराची नवी वेदी बसली आणि तिच्यावर चौघांची नावं कोरली गेली. फार्नाकेसला अक्षरं ओळखू येत नव्हती, पण आपलं नाव कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं ते त्याने पाथरवटाकडून बोट ठेवून समजून घेतलं. चांगलंच लांब होतं ते. तीन नावं आणि मधे त्याला कुणी मोकळं केलं तेही. नुमितोरिया हे नाव त्यात दोनदा आलं. बाईला हे कळलं तेव्हा ती मुद्दाम त्या रस्त्याने गेली आणि मेणा वेदीपाशी थांबवून तिने ते वाचलं. मग ती पुढे गेली.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला मानकरी बदलतात आणि त्यांच्याबरोबर मूर्ती उचलणारे गुलाम सेवेकरीही. सेवेकऱ्यांना मालकाची परवानगी लागते. बहुतेक मालक कुरकुरतात, गडी पूजेला गेला की घरकाम कोण करणार म्हणून. त्या वर्षी नुमितोरियाबाईचा कारभारी स्वतःहून हौदापाशी आला आणि म्हणाला, "आमच्या घरातून बिथुस."

पहिल्या दिवशी बिथुस नवा पांढरा अंगरखा घालून चौकात उभा राहिला. त्याच्या रुंद पंजात लारेसची मूर्ती खेळण्यासारखी दिसत होती, आणि तो ती अशी धरून होता की श्वास घ्यायलाही घाबरत होता. नवे मानकरी पुढे झाले. फार्नाकेस आता काठाचा टोगा उतरवून गर्दीत थाल्लूसाशेजारी उभा होता. गार्गिलियस या खेपेला निवडून आला होता आणि त्याचा टोगा सारखा पायात येत होता.

बिथुस फार्नाकेसच्या समोरून गेला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"पाऊल मोठं टाक," फार्नाकेस हळूच म्हणाला. "आज तुझ्या खांद्यावर दांडी नाही, कुणाशी पाऊल जुळवायचं नाही."

बिथुसने पाऊल मोठं टाकलं आणि गार्गिलियसच्या मागोमाग, चौकाच्या मधोमध, वेदीकडे निघाला.